मारामारी हीच पटकथा

हाणामारीचा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांची दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "फाइट्स जबरदस्त, पण स्टोरीत दम नाही." आणि त्यावर दुसऱ्याचं उत्तर, "स्टोरीसाठी जातं कोण? फाइट बघायला जातो आपण." समीक्षक बहुतेक पहिल्या बाजूला असतात, चाहते दुसऱ्या. वाद जुना आहे आणि त्यात दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासता गृहीत धरतात. ती अशी, की कथा म्हणजे माणसं बोलतात तेवढा भाग, आणि पहिला ठोसा पडला की कथा थांबते. मला हे अजिबात मान्य नाही. मार्शल आर्ट्सच्या चित्रपटात मारामारी हीच पटकथा असते. असा चित्रपट फसतो तेव्हा तो बहुधा मारामारीच्या आतच फसलेला असतो. मग दोन भावुक संवाद, एक खून झालेला बाप आणि एक प्रेमप्रकरण वाढवून तो सावरत नाही.

हा विषय आत्ता काढायला कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने स्टंट डिझाइनसाठी, म्हणजे मारामारीची आणि धोक्याची दृश्यं आखण्याच्या कामासाठी, स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला. २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून तो दिला जाईल. हाँगकाँगच्या चित्रपट पुरस्कारांत असा विभाग १९८०च्या दशकापासून आहे. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो ६४व्या वर्षी आला आणि 'पुलीमुरुगन' या मल्याळम चित्रपटासाठी पीटर हाइन यांना पहिल्यांदा मिळाला. आता पुरस्कार म्हटला की निकष आले. परीक्षक काय मोजणार? किती मजल्यांवरून उडी मारली, किती मिनिटांचा शॉट न तोडता घेतला, किती गाड्या उलटल्या? हेच मोजलं गेलं तर या कलेचा सन्मान होईल, पण तिचं नुकसानही तिथूनच सुरू होईल.

'इप मॅन' (२००८) घ्या. विल्सन यिप यांचं दिग्दर्शन, डॉनी येन नायक आणि अ‍ॅक्शनची आखणी सामो हंग यांची. खरा इप मॅन हा विंग चुन शैलीचा गुरू, ब्रूस लीचा शिक्षक. चित्रपटातला बराच भाग कल्पित आहे, पण तो इथे मुद्दा नाही. सुरुवातीला फोशान गावात उत्तरेकडून आलेला एक आडदांड लढवय्या एकेक आखाडा हरवत इप मॅनच्या घरी येतो. बायको दोघांना बजावते की घरातल्या वस्तू फुटता कामा नयेत. लढत सुरू होते आणि एकेक वस्तू फुटायला लागते. मग छोटा मुलगा तीनचाकी सायकलवरून आत येऊन वडिलांना निरोप देतो : आई म्हणते, तुम्ही उलट मारलं नाहीत तर घरातलं सगळं मोडेल. त्यानंतर इप मॅन हात चालवतो, तेही जपून. तलवारीसमोर पिसांचा झाडू घेतो. त्याचा ठोसा लागायच्या आत थांबतो, कारण त्याला समोरच्याला हरवायचं आहे, मोडायचं नाही. या एका दृश्यात आपल्याला कळतं की हा माणूस सुखवस्तू आहे, बायकोचं ऐकतो, त्याला स्वतःच्या ताकदीचा नेमका अंदाज आहे आणि ती दाखवायची हौस नाही. यातलं काहीही कुणी बोलून दाखवलेलं नाही.

मग जपानी फौजा येतात. घर जातं, इप मॅन कोळसा उपसायच्या कामाला लागतो. जपानी सेनापती मिउरा एक आखाडा चालवतो. जिंकणाऱ्या चिनी माणसाला तांदळाची एक पिशवी मिळते. तिथे आपल्या गावचा एक उस्ताद डोळ्यांदेखत गोळी घालून मारलेला पाहून इप मॅन म्हणतो, मला दहा जणांशी लढायचं आहे. या लढतीत हात तेच आहेत, शैली तीच, ठोशांची साखळीही तीच. पण आता ठोसा थांबत नाही. तो सांधे मोडतो, खाली पडलेल्या माणसाच्या तोंडावर मारत राहतो. घरातल्या लढतीत ज्या संयमामुळे तो आपल्याला आवडला होता, तो संयम आपल्यासमोर तुटतो. लढत संपल्यावर तो स्वतःसाठी तांदूळ मागत नाही. मेलेल्या उस्तादाची रक्ताने माखलेली पिशवी उचलतो.

या दोन लढती वेगळ्या काढून यूट्यूबवर पाहिल्या तर दुसरी जास्त थरारक वाटेल. लाखो लोकांनी ती तशीच पाहिली आहे. पण तिची धार पहिलीतून आलेली आहे. पिसांचा झाडू आठवत नसेल तर दहा पांढरे कराटे-पोशाख जमिनीवर आडवे होणं ही फक्त संख्या उरते. सामो हंग यांनी एका माणसाचं अधःपतन म्हणा, जागं होणं म्हणा, त्याच्या मुठी बदलून लिहिलं आहे. याला मी लेखन म्हणतो, आणि पुरस्कार या लेखनाला मिळायला हवा. हाँगकाँगमध्ये तो मिळालाही.

सामो हंग यांना हे जमलं यामागे एक परंपरा आहे. ते, जॅकी चॅन आणि युएन बियाओ हे तिघंही हाँगकाँगमधल्या यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक चिनी नाटकाच्या, शाळेत वाढले. त्या रंगभूमीवर लढाई वाद्यांच्या ठोक्यावर चालते. हालचालींचा एक झपाटा येतो, मग नट एका मुद्रेत क्षणभर स्थिर राहतो आणि प्रेक्षकाला कळतं की आता कोण वरचढ आहे, कोण घाबरलं आहे. तो थांबा हे तिथलं विरामचिन्ह. हाँगकाँगच्या उत्तम अ‍ॅक्शनमध्ये हा श्वास घेण्याचा ठोका कायम राहिला. शूटिंगची पद्धतही त्याला पोषक होती. अ‍ॅक्शनच्या दिवशी कॅमेरा कुठे लावायचा हे बऱ्याचदा अ‍ॅक्शन दिग्दर्शकच ठरवत असे, कारण कुठला फटका कुठल्या कोनातून वाचता येईल हे त्यालाच माहीत. त्यामुळे तिथले कितीतरी अ‍ॅक्शन दिग्दर्शक पुढे संपूर्ण चित्रपटाचे दिग्दर्शक झाले.

त्यातले सर्वांत मोठे, माझ्या मते, लाउ कार-लिउंग. त्यांच्या वडिलांनी लाम साई-विंग यांच्याकडे विद्या घेतली होती आणि लाम हे थेट वाँग फेई-हुंग यांचे शिष्य. म्हणजे पडद्यावर ज्या लोकनायकावर ढिगाने चित्रपट निघाले, त्याची गुरुपरंपरा लाउ यांच्या घरातच होती. १९७८ मध्ये त्यांनी 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' केला. त्याचा मोठा भाग निव्वळ शिकण्याचा आहे, आणि त्या शिकण्यात नायक सान-ते याचा स्वभाव घडताना दिसतो. पण मला ज्याबद्दल बोलायचं आहे तो त्यांचा त्याच वर्षीचा दुसरा चित्रपट, 'हीरोज ऑफ द ईस्ट'. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही, आणि या वादात तो मला सर्वांत निर्णायक पुरावा वाटतो.

गोष्ट एका लग्नाची आहे. चिनी तरुण हो-ताओ याचं लग्न जपानी मुलीशी, युमिकोशी, ठरतं. दोघंही लढाईच्या विद्येत तरबेज. घरात भांडण लागतं ते कुणाच्या देशाची विद्या श्रेष्ठ यावरून. ती चिडून माहेरी जपानला जाते. तिने परत यावं म्हणून तो आव्हानाचं पत्र लिहितो. ते पत्र तिथल्या उस्तादांच्या हाती पडतं, त्यांना तो आपल्या सगळ्या विद्यांचा अपमान वाटतो आणि एकेका कलेत पारंगत असे सात जपानी उस्ताद चीनला येऊन धडकतात. पुढे लढती सुरू होतात : तलवार, कराटे, नुनचाकू (साखळीने जोडलेली दोन दांडकी), भाला, साई (त्रिशूळासारखं छोटं शस्त्र), ज्युदो आणि निंजांचे डावपेच. प्रत्येक वेळी हो-ताओला समोरची विद्या आधी समजून घ्यावी लागते आणि मग तिला उत्तर देणारं चिनी शस्त्र निवडावं लागतं. पहिल्या लढतीनंतर हरलेला तलवारबाज आपली तलवार पुढे करतो. जपानी रीतीप्रमाणे तो हार कबूल करून मान देत असतो. हो-ताओला ती रीत माहीत नाही, तो तलवार घेत नाही आणि नकळत त्याचा अपमान करतो. पुढचं सगळं वैर त्या एका न घेतलेल्या तलवारीतून वाढतं.

त्या काळातल्या हाँगकाँगच्या पडद्यावर जपानी माणूस म्हणजे खलनायक हे जवळपास ठरलेलं होतं. युद्धातल्या अत्याचारांच्या आठवणी ताज्या होत्या. अशा वेळी लाउ यांनी सात जपानी उस्तादांचा असा चित्रपट केला की ज्यात एकही माणूस मरत नाही, आणि शेवटी दोन्ही बाजू एकमेकांची विद्या मानतात. लढती काढून टाका, काय उरतं? दोन माणसांचं कुरबुरीचं लग्न. त्या लढतींमध्येच दोन देश एकमेकांना ओळखतात. दिग्दर्शकाला जे म्हणायचं होतं ते भाषणात म्हटलं असतं तर त्या वर्षी कुणी ऐकून घेतलं असतं असं मला वाटत नाही. भाल्याला भाल्याने उत्तर देताना ते ऐकून घेतलं गेलं.

हेच लाउ कार-लिउंग १९९४ मध्ये जॅकी चॅनसोबत 'ड्रंकन मास्टर २' करत होते. दोघांचं पटलं नाही, लाउ बाहेर पडले आणि शेवट जॅकी चॅन यांनी पूर्ण केला. एकाची निष्ठा परंपरागत शैलीच्या शुद्धतेवर, दुसऱ्याची प्रेक्षकाला खुर्चीत उडवण्यावर. या ओढाताणीतून जो चित्रपट निघाला त्याच्या केंद्रस्थानी मात्र एक घट्ट कल्पना आहे. नायक तोच लोकनायक वाँग फेई-हुंग, तरुणपणीचा, आणि भूमिका जॅकी चॅनची. फेई-हुंगला झिंगलेल्या माणसासारखं झोकांडत लढायची शैली येते आणि प्यायल्यावर तो ती अधिक चांगली लढतो. वडिलांनी ती बंद केली आहे, कारण किती प्यायचं हे त्याला कळत नाही. म्हणजे त्याचं बळ आणि त्याचा नाश एकाच बाटलीत आहेत. प्रत्येक घोटाबरोबर तो जास्त चांगला लढतो आणि जास्त धोक्यात येतो. बाजारातल्या लढतीत हसून हसून आपली पुरेवाट होते, आणि मग वडील समोर उभे राहतात तेव्हा तेच झोकांडणं लाजिरवाणं वाटायला लागतं. शेवटच्या कारखान्यातल्या लढतीत तो कारखान्यातलं अल्कोहोल पितो. जिंकतो, आणि त्याची किंमत मोजतो. हाँगकाँगच्या मूळ आवृत्तीत त्याच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं दाखवणारं छोटं दृश्य शेवटी होतं. अमेरिकेतल्या आवृत्तीतून ते काढलं गेलं, आणि माझ्या मते त्याबरोबर चित्रपटाचा कणाच काढला गेला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. निव्वळ गतीचं, शरीराच्या कौशल्याचं सुख नसतं का? तानांसाठी ख्याल ऐकणारा रसिक बंदिशीच्या शब्दांचा अर्थ विचारत बसतो का? नाही विचारत. थायलंडचा नट टोनी जा याचा 'तोम यम गूंग' (२००५) पाहताना मलाही ते सुख मिळतं. हरवलेल्या हत्तींच्या शोधात तो एका हॉटेलात शिरतो, एकेक मजला चढत वाटेत येईल त्याला लोळवतो, आणि सुमारे चार मिनिटं कॅमेरा एकदाही तुटत नाही. शरीराची अशी कमाई क्वचित पाहायला मिळते. पण तानही रागाच्या आतच असते, समेवर यावंच लागतं. टोनी जा पहिल्या मजल्यावर जो असतो तोच वरच्या मजल्यावर पोचतो, फक्त धापा टाकत. त्या धापा खऱ्या आहेत आणि त्या शॉटमधली सर्वांत मानवी गोष्ट मला त्याच वाटतात.

निव्वळ कौशल्याची एक अडचण आहे. काल जे पाहून डोळे विस्फारले ते उद्या पुरत नाही. कथेमुळे धोका वाटत नसेल तर खराखुरा धोका विकत आणावा लागतो, आणि तो कुणाच्या तरी हाडांतून येतो. जॅकी चॅन १९८६च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या शूटिंगला युगोस्लाव्हियात झाडावरून पडला, कवटी फुटली, मरता मरता वाचला. ती उडी त्या चित्रपटातला कळसाचा क्षण नव्हती. भिंतीवरून फांदीवर जायचं होतं, एवढंच. तो जगप्रसिद्ध नट होता म्हणून ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. ज्यांची नावं श्रेयनामावलीत धावत निघून जातात अशा शेकडो स्टंट कलाकारांच्या पाठी आणि गुडघे याच हिशोबात खर्ची पडतात. म्हणून हा वाद मला केवळ आवडीनिवडीचा वाटत नाही. लढतीला अर्थ असेल तर एका साध्या थपडेनेही प्रेक्षक हादरतो. 'सेव्हन सामुराई'मध्ये (१९५४) क्युझो हा तलवारबाज आधी लाकडी दांडक्याने एक झुंज खेळतो. प्रतिस्पर्धी म्हणतो, बरोबरी झाली. क्युझो शांतपणे सांगतो, खरी तलवार असती तर तू मेला असतास. प्रतिस्पर्धी इरेला पेटतो, खऱ्या तलवारी येतात, त्याच हालचाली पुन्हा होतात आणि प्रतिस्पर्धी मरून पडतो. एकही अवघड स्टंट नाही. शूटिंगमध्ये कुणाच्या जिवाला धोका नाही.

आता दुसऱ्या बाजूला, कथेचा आग्रह धरणाऱ्यांकडे. इंडोनेशियातला 'द रेड' (२०११) आला तेव्हा रॉजर एबर्ट यांनी त्याला एकच तारा दिला. एबर्ट हे फार मोठे समीक्षक, त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो आहे, पण इथे ते चुकले असं मला ठामपणे वाटतं. त्यांना त्यात माणसं दिसली नाहीत, नुसती हिंसा दिसली. जकार्तातल्या एका इमारतीत पोलीस शिरतात आणि अडकतात, एवढीच गोष्ट आहे हे खरं. पण त्यातल्या 'मॅड डॉग'ला आठवा. यायन रुहियान हा बुटका, किडकिडीत नट. पोलीस सार्जंटवर त्याने पिस्तूल रोखलेलं आहे, चाप ओढला की काम संपलं. तो पिस्तूल बाजूला ठेवतो, कारण चाप ओढण्यात त्याला मजा वाटत नाही, त्याला हातांनी मारायचं असतं. पुढे तो नायकाच्या भावाला साखळीला टांगून मारत असतो आणि नायक दारात येतो. मॅड डॉग काय करतो? टांगलेल्या भावाला स्वतः खाली उतरवतो. दोघांशी एकदम लढायचं असतं म्हणून. या माणसाचा अहंकार, त्याची विकृती, कलेवरची त्याची भयानक निष्ठा, सगळं त्या दोन कृतींत आहे, आणि त्याचा शेवटही त्या अहंकारातूनच येतो. ज्या समीक्षकाला हे चरित्रचित्रण वाटत नाही त्याला चित्रपटातल्या माणसाचं शरीर वाचायचंच नाही असं म्हणावं लागेल. या लढती रुहियान आणि नायक इको उवैस यांनी दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स यांच्यासोबत स्वतः रचल्या होत्या, हेही लक्षात घ्यावं. नटांनी आपली पात्रं हातापायांनी लिहिली.

हॉलिवूडने मधली बरीच वर्षं उलटा रस्ता धरला. हलता कॅमेरा, सेकंदासेकंदाला कट, फटका कुणी कुणाला मारला ते कळायच्या आत पुढचा शॉट. नटाला लढता येत नाही हे झाकायला ही पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात मारामारीतली पटकथा पुसली जाते आणि फक्त गोंगाट राहतो. याला अपवादही होते. 'द मेट्रिक्स'साठी (१९९९) हाँगकाँगच्या युएन वू-पिंग यांनी लढती आखताना कलाकारांकडून चारेक महिने तालीम करून घेतली होती, आणि त्या चित्रपटात नायक कीआनू रीव्हजचा स्टंट डबल, म्हणजे त्याच्या जागी धोक्याची दृश्यं करणारा, चॅड स्टाहेल्स्की पुढे 'जॉन विक'चा दिग्दर्शक झाला. तिथे कॅमेरा मागे सरकला आणि नायक गोळ्या संपल्यावर खरंच मॅगझिन बदलायला लागला. वेळ आणि पैसा तालमीला दिला की असं होतं.

आपल्याकडे 'किल' (२०२४) हा मला यातला सर्वांत धाडसी प्रयत्न वाटतो. निखिल नागेश भट यांच्या या चित्रपटात दिल्लीला जाणारी एक गाडी, तिच्यात दरोडेखोर आणि एक कमांडो. पूर्वार्धात तो लोकांना लोळवतो, पण प्रशिक्षित माणसाच्या संयमाने. प्रेयसीचा खून होतो, तेव्हा कुठे पडद्यावर चित्रपटाचं नाव येतं आणि त्याची लढण्याची पद्धतच बदलते. दरोडेखोर एकाच मोठ्या कुटुंबातले आहेत. त्यामुळे डब्यात पडणारा प्रत्येक मुडदा कुणाचा तरी काका, कुणाचा तरी भाऊ आहे, आणि ते रडतात. बर्थच्या मधली अरुंद वाट लढतीला आकार देते आणि मेलेल्यांची नाती तिला वजन देतात. ओह से-योंग आणि परवेझ शेख या अ‍ॅक्शन दिग्दर्शकांचा वाटा तिथे लेखकाइतकाच आहे.

मराठीत हे व्हावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण आपल्याकडे साहित्य जिवंत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं. कोल्हापुरात मर्दानी खेळाचे वस्ताद आजही मुलामुलींना तो शिकवतात. दांडपट्ट्याचं पातं लांब आणि लवचीक, मूठ हाताला वरपर्यंत झाकणारी, त्यामुळे मनगट बांधलं जातं आणि वार सबंध हाताने, अंग फिरवून करावा लागतो. चहूबाजूंनी घेरलेल्या माणसाचं हे शस्त्र, त्याला फिरायला मोकळी जागा लागते. आता १३ जुलै १६६०ची घोडखिंड डोळ्यांपुढे आणा. बाजीप्रभूंच्या माणसांना अरुंद वाट अडवायची आहे, विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत. अशा खिंडीत पट्टा फिरवायचा तर शेजारी किती माणसं उभी राहू शकतात? थकलेला गडी मागे घेऊन ताजा पुढे कसा आणायचा? काही तासांनी खांदे भरून येतात तेव्हा वार कसा बदलतो? अलीकडच्या अनेक मराठी ऐतिहासिक चित्रपटांत या प्रश्नांच्या जागी संथ गतीत उडणारी शरीरं, उसळणारं पार्श्वसंगीत आणि घोषणा मिळतात. भावना खरी असते, पण लढाई दिसत नाही, म्हणून बलिदानाचं मोलही पुरतं कळत नाही.

या प्रश्नांची उत्तरं पटकथेतच लिहिली जायला हवीत. 'इथे तुंबळ युद्ध होतं' अशी एक ओळ लिहून बाकीचं शूटिंगच्या दिवसावर सोडणाऱ्या लेखकाने कथेचा मुख्य भाग लिहिलेलाच नसतो. पहिला खर्डा होतो तेव्हाच लेखकाच्या शेजारी फाइट मास्टर, मर्दानी खेळाचा वस्ताद आणि इतिहासाचा जाणकार बसलेला असावा, त्यांना त्या कामाचं मानधन मिळावं, आणि नटांच्या तालमीसाठी अंदाजपत्रकात वेगळे महिने काढून ठेवलेले असावेत.